दोराचा एकच वेढा

श्रीहरी मेश्राम एकवीस वर्षं जंगलातल्या रस्त्यांवर गाडी चालवत होता आणि त्या एकवीस वर्षांत त्याच्या चाकाखाली कुणाची कोंबडीसुद्धा आली नव्हती. ही गोष्ट तो स्वतः कधी बोलत नसे. त्याची बायको नीलाबाई चारचौघींत सांगायची आणि तो तिथून उठून जायचा. आधी तेंदूच्या ठेकेदाराकडं, मग भाड्याच्या गाड्यांवर आणि गेली सहा वर्षं एका संस्थेच्या फिरत्या दवाखान्यावर. मूळचा वरोऱ्याकडचा माणूस, पण गडचिरोलीच्या आतल्या भागातले नाले आणि मुरमाचे उतार त्याला आता वरोऱ्याच्या गल्ल्यांपेक्षा जास्त ओळखीचे झाले होते.

दर मंगळवारी दवाखाना पिपरटोल्याला जायचा. डांबरी रस्ता सुटला की पुढं चौदा किलोमीटर कच्ची वाट, मध्ये दोन नाले, दोन्ही बाजूंना साग आणि बांबू. गाडीत श्रीहरी, सिस्टर रिना आणि औषधांच्या पेट्या. डॉक्टर महिन्यातून एखाद्या वेळी.

त्या वर्षी फेब्रुवारीत नागपूरच्या कुण्या भल्या माणसानं संस्थेला आपली जुनी जीप देऊन टाकली. चारही चाकांना ओढ असलेली, दमदार गाडी. त्या माणसाला रानात हिंडायची हौस होती, म्हणून त्यानं मूळचे टायर काढून खोल नक्षीचे, मोठाले टायर बसवले होते. नाल्याच्या गोट्यांतून ती गाडी बैलासारखी चढायची. श्रीहरी तिच्यावर खूश होता. त्याची तक्रार फक्त मागं टांगलेल्या स्टेपनीबद्दल होती. तीही तशीच मोठी, रिमसकट चाळीस किलोच्या वर. मागचं दार काही तेवढं वजन पेलायला बनलेलं नव्हतं. महिन्याभरात दार खाली बसलं. लावताना श्रीहरीला खाली वाकून खांदा द्यावा लागे.

स्टेपनी छतावर टाकावी, तर उतारावर गाडी वरून जड होऊन कलंडायची भीती. आत टाकावी, तर स्ट्रेचर कुठं ठेवायचं? आणि तिच्याशिवाय त्या वाटेनं जायचं म्हणजे मुद्दाम अडकायला जाणं. शेवटी मार्चमध्ये तालुक्याच्या सुनिल वेल्डरनं मागच्या बंपरवर एक फिरता लोखंडी हात बसवून दिला. हाताला पट्टी जोडलेली, पट्टीला टायर. खीळ काढली की हात टायरसकट बाजूला फिरायचा आणि दार मोकळं व्हायचं.

"पट्टी जरा पातळ हाय भाऊ," सुनिल तेव्हाच म्हणाला होता. "जाडी पट्टी गडचिरोलीहून आणा लागते. पन साहेब म्हनते आजच पाह्यजे."

साहेब म्हणजे संस्थेचे व्यवस्थापक कुलदीप सर. पस्तिशीचा, नागपूरचा, घाईचा माणूस. वाईट नव्हता. कामं फार आणि हात कमी, त्यामुळं प्रत्येक गोष्ट पुढच्या महिन्यावर ढकलायची त्याला सवय लागली होती.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, गाडी धुताना श्रीहरीला ती चीर दिसली. पट्टी आणि पाइपच्या सांध्यावर, केसाएवढी. त्यानं बोट फिरवलं तेव्हा नखाला लागली. त्यानं मोबाइलवर फोटो काढून संस्थेच्या ग्रुपवर टाकला. कुलदीप सरांनी फोटोखाली होकाराचा अंगठा टाकला. दुसऱ्या दिवशी श्रीहरीनं फोनही केला.

"आरोग्य शिबिरं संपू द्या, भाऊ. गाडी थांबली तर सगळंच थांबते. महिनाअखेर नागपूरलाच पाठवू तिला."

"तवरक कसं करू?"

"तुम्हीच पाहा न. तुमच्यापेक्षा जास्त कोणाले कळते?"

मग श्रीहरीनं स्वतःच तोड काढली. नायलॉनचा जाड दोर घेतला, टायरमधून ओवून छतावरच्या लोखंडी कठड्याला तीन वेढे दिले आणि ट्रकवाले मारतात तशी गाठ मारली. पट्टी उद्या तुटलीच, तरी टायर दोरावर लटकून राहील, खाली पडणार नाही, असा त्याचा हिशेब होता आणि तो बरोबरही होता. मागचं दार उघडायचं म्हटलं की दोर सोडा, परत लावताना पुन्हा बांधा. दोन-तीन मिनिटं जायची. रिना वैतागायची, पण तो तीन वेढे पुरे केल्याशिवाय गाडीत बसत नसे.

त्या मंगळवारी ते साडेआठलाच पिपरटोल्यात पोचले होते. तेंदूचा हंगाम. गाव पहाटेपासून रानात पानं तोडायला गेलेलं. शाळेच्या ओट्यावर रिनानं पेट्या मांडल्या, दोन म्हाताऱ्यांचा बीपी घेतला, आणि तेवढ्यात रानाच्या बाजूनं ओरडा आला.

चार माणसं खाट उचलून पळत येत होती. खाटेवर धुरपता होती, डोमा मडावीची बायको. पिल्लं घेऊन फिरणारी अस्वलीण तिच्यावर चालून आली होती. डोक्याची कातडी कपाळापासून मागं उलटली होती आणि एक डोळा होता की नव्हता ते रक्तात कळत नव्हतं. डाव्या हाताचं मांस कोपरापासून लोंबत होतं. खाटेच्या बाजूनं डोमा धावत होता. तिशीचा गडी, बनियन रक्तानं भिजलेलं, हातात अजून कुऱ्हाड. अस्वलिणीला त्यानंच हाकललं होतं.

रिनानं लगेच काम सुरू केलं. डोकं, दोन्ही डोळे पट्टीनं गुंडाळले, हात बांधला, सलाइन लावली.

"भाऊ, गाडी काढा. गडचिरोलीले न्या लागते. आत्ताच्या आत्ता."

श्रीहरीनं दोर सोडला, खीळ ओढली, टायर बाजूला फिरवला, दार उघडलं. चौघांनी धुरपताला स्ट्रेचरवर सरकवलं. रिना तिच्या उशाशी सलाइनची बाटली धरून बसली. पुढच्या सीटवर डोमाची आई बायनाबाई येऊन बसली होती, तिला कुणी बस म्हटलं नव्हतं. डोमा मागून चढायला लागला.

"डोमा," श्रीहरीनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला, "तू फटफटी घेऊन ये मागून. तिथी औषधं आणा, चिठ्ठ्या आणा, धावपळ राह्यते. वापस कशानं येशीन? एसटी एकच हाय."

डोमानं क्षणभर आत बायकोकडं पाहिलं. मग मान हलवली आणि घराकडं पळाला. हे श्रीहरीनं चांगुलपणानं सांगितलं होतं. अशा वेळी दवाखान्यात अडकून पडलेली माणसं त्यानं पाहिली होती.

दार लावलं. टायर जागेवर आणला. खीळ खोचली. दोर हातात घेऊन एक वेढा दिला.

"भाऊ, बीपी उतरून राह्यला!" आतून रिना ओरडली. "चला न! काय करून राह्यले तिथी?"

श्रीहरीनं त्या एकाच वेढ्यावर गाठ मारली. घाईत मारली, नेहमीसारखी बसली नाही हे त्याच्या बोटांना कळलं. पहिल्या नाल्याशी गाडी तशीही हळू करून गिअर बदलावा लागतो, तिथं उतरून नीट बांधू, असं मनाशी म्हणत तो स्टिअरिंगवर बसला.

पहिला नाला आला. पाणी नव्हतं, नुसते गोटे. त्यानं गिअर बदलला. आरशात पाहिलं तर धुरळ्यातून डोमाची फटफटी दिसली, अगदी जवळ. मागं धुरपता कण्हत होती. थांबावं असं त्याला वाटलं. अगदी स्पष्ट वाटलं, पुढं कितीतरी महिने तो क्षण त्याला तसाच्या तसा आठवत राहिला. पाय ब्रेकवर गेलाही होता. मग धुरपता मोठ्यानं ओरडली आणि त्याचा पाय उचलला गेला.

नाल्यानंतर दोनेक किलोमीटरवर उघड्या खडकाचा पट्टा आहे. तिथं गाडी दणादण उडते. श्रीहरीनं वेग कमी केला, पण फार नाही. आणि मग मागं कडकन आवाज झाला, आणि गाडी हलकी झाली.

बाकी कुणाला कळलं नसतं. इतकी वर्षं चालवणाऱ्याला पाठीतूनच कळतं. काय पडलं ते त्याला ब्रेक दाबायच्या आधीच कळलं होतं. आरशात फक्त तांबडा धुरळा होता.

तो उतरून मागं पळाला. कठड्याला दोराचं एक टोक लोंबत होतं. धुरळ्यात आधी फटफटी दिसली, आडवी, पुढचं चाक अजून फिरत होतं. तिच्यापासून पाच-सहा पावलांवर डोमा पडला होता. टायर त्याच्या अंगावर उसळला की फटफटी टायरवर गेली, ते कुणीच पाहिलं नाही. टायर वाटेच्या कडेला बांबूच्या बेटाला टेकून उभा होता, त्याला ती पट्टी तशीच चिकटलेली.

डोमाचे डोळे उघडे होते. छाती एका बाजूनं आत गेलेली. तो घरघरत श्वास घेत होता. श्रीहरी त्याच्या तोंडाशी वाकला.

"डोमा. ए डोमा. पाह्य माह्याकडं."

डोमानं पाहिलं. ओठ हलले, आवाज आला नाही.

रिना पळत आली. तिनं मान पाहिली, छातीवर हात ठेवला आणि श्रीहरीकडं बघून नकारार्थी मान हलवली. मग म्हणाली, "उचला. सोडून तर जाता येत नाई न."

बायनाबाई मागोमाग उतरून आली होती. ती रडली नाही. वाकून तिनं मुलाचे पाय उचलले, श्रीहरीनं खांदे धरले, रिनानं कंबर. स्ट्रेचरच्या खाली, गाडीच्या तळाशी जेवढी जागा होती तेवढ्यात त्याला ठेवलं. वर धुरपता, खाली डोमा. तिच्या दोन्ही डोळ्यांवर पट्टी होती.

गाडी निघाली. दुसरा नाला गेला. मागून धुरपताचा आवाज आला, अगदी बारीक.

"डोमा येऊन राह्यला का मागं?"

रिनानं पुढं श्रीहरीकडं पाहिलं. तो समोर बघत राहिला. मग त्याच्या बाजूला बसलेल्या बायनाबाईनं मान न वळवता, घरातल्या घरात बोलावं तसं सांगितलं, "येऊन राह्यला, बाई. मागंच हाय."

डांबरी रस्ता लागायच्या आधी डोमाचा श्वास थांबला. रिनानं औषधाच्या पेटीवरची चादर काढून त्याच्यावर घातली. त्यानंतर गडचिरोली येईपर्यंत धुरपतानं आणखी दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा त्याच्या आईनं तेच उत्तर दिलं.

धुरपता वाचली. डॉक्टरांनी तीन तास टाके घातले. एक डोळा गेला, हात राहिला. अर्धा तास उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं, असं ते रिनाला म्हणाले.

संध्याकाळी कुलदीप सर आले. चेहरा पांढराफटक. त्यांनी श्रीहरीला दवाखान्याच्या आवारात कडुनिंबाखाली नेलं.

"भाऊ, पोलीस येतील. धुरळा होता, तो खूप जवळून येत होता, एवढंच सांगा. चिरेचं काढू नका."

"फोटो हाय, सर. ग्रुपवर."

"ग्रुपवरचं काय, काढता येते." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "तुमच्यासाठीच सांगून राह्यलो. चीर निघाली तर गाडी चालवणाऱ्यालाच आधी विचारतात, की माहीत असून काढली कशाला."

श्रीहरीनं त्यांचं ऐकलं नाही. पोलिसांना त्यानं चीर सांगितली, फोटो दाखवला, त्याखालचा साहेबांचा अंगठा दाखवला, फोनवर काय बोलणं झालं तेही सांगितलं. हवालदारानं विचारलं, "मग टायर बांधला होता का नाही?"

"बांधला होता," श्रीहरी म्हणाला. "दोरानं."

हवालदारानं तेवढंच लिहून घेतलं. किती वेढे, असं त्यानं विचारलं नाही आणि श्रीहरीनं सांगितलं नाही. त्यानं सही केली आणि हवालदारानं त्याला पाणी दिलं.

धुरपताला चौथ्या दिवशी सांगायचं ठरलं. त्याआधीच्या तीन दिवसांत डोमाला गावी नेऊन सगळं आटोपलं होतं. बायनाबाई परत येऊन सुनेच्या उशाशी बसली होती. डोमा औषधं आणायला गेला, गाडी बिघडली, गावी गेला, असं रोज काहीतरी सांगून तिची जीभ थकली होती. श्रीहरी आला तेव्हा ती त्याला वऱ्हांड्यात घेऊन गेली.

"तू सांग. माह्यानं होत नाई."

त्यानं सांगितलं. पलंगापाशी स्टुलावर बसून, धुरपताच्या पट्टीकडं बघत. चीर होती, साहेबाला सांगितलं होतं, पट्टी तुटली, टायर पडला, डोमा मागं होता. धुरपतानं तोंड त्याच्याकडं वळवलं. मग तिनं विचारलं, "तवा तो कुठी होता? मी विचारून राह्यली होती तवा?"

"तुह्या खालीच. गाडीत."

चांगल्या हातानं तिनं पलंगाची लोखंडी कड धरली आणि धरूनच ठेवली. सासूनं तिची बोटं सोडवायचा प्रयत्न केला, ती सुटली नाहीत. शेवटी बायनाबाईनं आपलंच डोकं त्या कडेवर टेकवलं आणि त्या दोघी तशाच राहिल्या. श्रीहरी उठून भिंतीशी उभा राहिला. निघताना धुरपता म्हणाली, "भाऊ, तुम्ही नसते त मीबी मेली असती." त्या वाक्यानं श्रीहरी पायऱ्या उतरताना दोनदा थांबला.

श्रीहरीवर हयगयीचा गुन्हा दाखल झाला, कुलदीप सरांवरही झाला. दोघंही जामिनावर सुटले. जीप ठाण्यात जमा झाली. संस्थेनं पिपरटोल्याचा मंगळवार बंद केला आणि श्रीहरीला पत्र देऊन कमी केलं. तो घरीच राहू लागला. गाडी चालवायला त्याला कुणी मनाई केली नव्हती, पण गावातल्या एकानं ट्रॅक्टर चालवायला बोलावलं तेव्हा तो चावी हातात घेऊन अर्धा तास उभा राहिला आणि चावी देऊन परत आला.

पिपरटोल्याचे लोक मात्र त्याला दोष देत नव्हते. उलट आठवड्याच्या बाजारात कुणी भेटलं की हात धरायचं. "तू त सांगतलं होतं रे भाऊ, साहेबानंच ऐकलं नाई." धुरपता दर पंधरा दिवसांनी तपासायला गडचिरोलीला यायची, तेव्हा श्रीहरी एसटीनं तिथं जायचा, चिठ्ठी काढून द्यायचा, रांगेत उभा राहायचा. तिनं एकदा घरून मोहाची फुलं भाजून आणली होती त्याच्यासाठी. ती पुडी त्यानं घरी नेऊन फळीवर ठेवली आणि उघडली नाही.

पोळ्याच्या आधी त्यानं नीलाबाईला सांगितलं. पहिल्यांदाच. एक वेढा, सैल गाठ, नाला, ब्रेकवरून उचललेला पाय.

नीलाबाई चुलीपुढं बसली होती. तिनं हातातली काडी खाली ठेवली.

"हे कोनाले माहीत हाय?"

"कोनाले नाई."

"मग राहू द्या. खोटं थोडी बोलले तुम्ही? दोर बांधलाच होता. साहेबाची चूक साहेबाच्या अंगावर गेली, तुम्ही काऊन ओढून घेता? ते बाई तुमाले भाऊ म्हनून राह्यली. सांगून तिले काय भेटन?"

"तिले काय भेटन ते माहीत नाई," श्रीहरी म्हणाला. "पन ते मोहाची फुलं माह्यानं खाल्ली जात नाई."

पोळा झाला आणि चौथ्या दिवशी तो पिपरटोल्याला गेला. डांबरी रस्त्यावर एसटीतून उतरून चौदा किलोमीटर चालत. दोन्ही नाल्यांना गुडघाभर पाणी होतं. गावात पोचला तेव्हा दोन वाजले होते. त्यानं गावच्या जुन्या माणसाला, जंगूबाबाला, सांगितलं की मला सगळ्यांपुढं बोलायचं आहे. जंगूबाबानं काही न विचारता माणसं गोळा केली. चिंचेखाली पंचवीस-तीस जण बसले. बायनाबाई आली, धुरपता आली, अर्धा चेहरा पदरानं झाकून. डोमाचा धाकटा भाऊ चैतू मागं उभा राहिला.

लोकांना वाटलं, दवाखाना पुन्हा सुरू होणार असेल, तेच सांगायला आला असेल. एका बाईनं त्याच्यासाठी पाण्याचा तांब्या आणून ठेवला. त्यानं तांब्याला हात लावला नाही.

"तीन वेढे देत होतो मी," तो म्हणाला. "रोज. त्या दिवशी एकच देल्ला. गाठबी ढिली होती. मले माहीत होतं ढिली हाय. नाल्याशी थांबून बांधीन म्हटलं, आन थांबलो नाई."

जंगूबाबानं सावकाश विचारलं, "तीन वेढे असते त?"

"टायर लटकला असता. पडला नसता."

"आन बांधाले किती वेळ लागते?"

"दोन मिनिटं. लय झाले त तीन."

"तेवढे थांबला असता त हे बाई जगली असती का?"

श्रीहरीनं धुरपताकडं पाहिलं. "जगली असती," तो म्हणाला. "डॉक्टर म्हनले अर्धा तास होता. दोन मिनिटांनं काई झालं नसतं."

"पोलिसाले सांगतलं हे?"

"नाई."

"सांगशीन?"

"सांगीन. पुढच्या तारखेले. वकील नाई म्हनते, पन सांगीन."

चैतू दोन पावलं पुढं आला, त्याच्या मुठी वळलेल्या होत्या. जंगूबाबानं हात वर केला आणि तो थांबला. श्रीहरीला वाटत होतं कुणीतरी मारावं. एकानं तरी उठून मारावं. कुणी उठलं नाही. लोक एक-एक करून घराकडं गेले, त्याच्याकडं न बघता, पाण्याचा तांब्या तसाच ठेवून.

बायनाबाई शेवटी उठली. ती त्याच्यापुढं येऊन उभी राहिली, त्याचं तोंड नीट बघितलं, जसं काही तो नवा माणूस होता. "मीच त म्हटलं होतं तिले, मागंच हाय म्हनून," ती म्हणाली आणि गेली. तिला काय म्हणायचं होतं ते श्रीहरीला समजलं नाही. त्यानं ते पुढं नीलाबाईलाही विचारलं, तिलाही सांगता आलं नाही.

धुरपता बसूनच होती. "भाऊ," ती म्हणाली. तो शब्द बदलला नव्हता, म्हणून श्रीहरीनं आशेनं मान वर केली. "तुम्ही खरं सांगतलं. पन आता येऊ नोका. दवाखान्यातबी नोका येऊ. मी चैतूसंगं जाईन."

"बरं."

"तुमच्यावर राग करा लागन मले आता. इतके दिवस कोनावर करावं ते समजे नाई." ती उठली, एका हातानं पदर सावरला. "जा. सांज होते. वाटेत अस्वल हाय."

तो निघाला. गावाच्या बाहेर पोचला असेल, तोच मागून फटफटीचा आवाज आला. चैतू होता, कुणाची तरी मागून आणलेली गाडी घेऊन. त्यानं गाडी श्रीहरीच्या बाजूला लावली. "वहिनी म्हने सोडून दे," तो समोर बघत म्हणाला. "बस."

श्रीहरी मागं बसला. धरायला काही नव्हतं. चैतूच्या खांद्याला हात लावायची त्याची हिंमत झाली नाही, म्हणून त्यानं सीटखालची पट्टी दोन्ही हातांनी धरली. गाडी निघाली. खडकाच्या पट्ट्यावर चैतूनं गाडी अगदी हळू केली, माणसाच्या चालीइतकी, आणि तिथून पुढं पुन्हा वेग घेतला. नाल्यात पाणी उडालं, दोघांच्याही पँटी भिजल्या.

डांबरी रस्ता आला. "उतर," चैतू म्हणाला.

श्रीहरी उतरला. त्याला काहीतरी म्हणायचं होतं, पण चैतूनं तोवर गाडी वळवली होती. ती बांबूत शिरली, तिचा आवाज बारीक होत गेला आणि मग ऐकू येईनासा झाला. एसटी यायला अजून तास होता. श्रीहरी मैलाच्या दगडावर बसला आणि ओली पँट पिळायला लागला.